थीम पार्कची पहिली सहल आणि अनुभवी माणसाची उसनी यादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या ओरलँडोला पहिल्यांदाच जाताय, हातात सहा दिवस आहेत. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची, सोबत सत्तरीतले आई-बाबा. मावसबहीण डिस्ने वर्ल्डला बऱ्याचदा जाऊन आली आहे आणि तिने आपली दिवसवार यादी पाठवली आहे. ती तशीच वापरावी, की पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नियोजनच निराळं करावं?

निराळं करावं. तिची यादी वाईट नाही, तिच्या घरासाठी ती उत्तम आहे. पण अनेकदा गेलेल्या माणसाची यादी बनते ती काय-काय सोडून द्यायचं हे ठरवून, आणि सोडलेलं कागदावर दिसत नाही. कुटुंबांच्या अशा सहली आखून देणं हे माझं काम आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांची ओढाताण बहुतेक वेळा उसन्या यादीमुळे होते. काय सोडायचं हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं आणि ते आपल्या लक्षातच आलेलं नसतं.

तुम्ही पाठवलेली यादी पाहा. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कचा तिचा दिवस सकाळी अकराला सुरू होतो. पार्क उघडल्यावरच्या पहिल्या तास-दीड तासात रांगा सगळ्यांत लहान असतात हे तिला नक्की माहीत असणार. त्या राईड करून झाल्यात, म्हणून ती झोप पूर्ण करून निघते. एपकॉट या दुसऱ्या पार्कमध्ये अख्खी दुपार ती तळ्याभोवतीचे ११ देशांचे विभाग फिरते. ही फेरी जवळपास दोन किलोमीटरची आहे आणि ज्याला कुठे पोचायची घाई नाही त्यालाच ती सुखाची वाटते. तिच्या अख्ख्या आठवड्यात आतषबाजी एकदाही नाही. तिने ती पाहिलेली आहे. तुमच्या मुलीने पाहिलेली नाही.

यातली सगळ्यांत धोक्याची नोंद मंगळवारची, म्हणजे मॅजिक किंगडमच्या दिवसाची आहे. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मॅजिक किंगडममध्ये ठरावीक रात्री हॅलोविनची पार्टी असते. तिचं तिकीट वेगळं असतं आणि त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहा वाजता निघावं लागतं. त्यामुळे बरेच लोक तो दिवस टाळतात आणि दिवसा गर्दी कमी असते. जाणकार माणूस मुद्दाम असाच दिवस धरतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो धरला तर रांगा लहान मिळतील, पण मॅजिक किंगडमची रात्र, दिव्यांनी उजळलेला किल्ला आणि त्यावरची आतषबाजी हे सगळं हातचं जाईल. आणि लोक मुलांना घेऊन एवढ्या लांब जातात ते बरंचसं त्यासाठीच. तुमचा मॅजिक किंगडमचा दिवस पार्टी नसलेल्या तारखेला हलवा. पार्टीच्या तारखा आधी जाहीर झालेल्या असतात.

अनुभवाची दुसरी अडचण म्हणजे तो शिळा होतो. मावसबहिणीने लिहिलंय, “फास्टपास आधीच घेऊन ठेवा.” फास्टपास म्हणजे ठरलेल्या वेळी छोट्या रांगेतून राईडवर जायची सोय. ती १९९९ मध्ये सुरू झाली आणि फुकट होती. २०२१ मध्ये ती अधिकृतपणे बंद झाली, मग तीच सोय पैसे घेऊन देणारं जिनी प्लस आलं, आणि जुलै २०२४ पासून लाइटनिंग लेन मल्टी पास (अनेक राईडसाठी) व सिंगल पास (एकाच राईडसाठी) अशी पैसे देऊन घ्यायची पद्धत आहे. विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांपर्यंतची मोफत बस २०२२ च्या सुरुवातीपासून नाही. स्प्लॅश माउंटन २०२३ मध्ये बंद झाली, तिच्या जागी २०२४ मध्ये टियानाज बायू ॲडव्हेंचर आली. पार्कची आगाऊ नोंदणीही साध्या तारीखवार तिकिटाला जानेवारी २०२४ पासून लागत नाही. म्हणजे तिच्या यादीतल्या चार सूचना आज लागूच होत नाहीत. नियम, पास, वेळा हे सगळं पार्कच्या अधिकृत ॲपवरूनच घ्या, अगदी माझं हे उत्तरही बुकिंगच्या दिवशी तिथे पडताळून घ्या.

मग तिच्याकडून घ्यायचं काय? तिला यादी मागू नका, प्रश्न विचारा. मुलं कोणत्या वेळी रडकुंडीला आली? कुठल्या दिवशी घरात कुरबूर झाली? कशाची रांग लावून पश्चात्ताप झाला? मावशी सोबत होत्या तेव्हा त्यांना कुठे बसायला मिळालं? राईड बदलतात, पास बदलतात, पण ऊन, पाय, भूक आणि लहान मुलांचा संयम बदलत नाही. हे ज्ञान तिच्याकडे भरपूर असेल आणि ते कुठल्याही ॲपवर मिळणार नाही.

आता तुमच्या आराखड्याकडे येऊ. पहिल्यांदा जाणारे राईडपासून सुरुवात करतात. सुरुवात माणसांपासून करा, आणि त्यातही उंचीपासून. तुम्ही मुलीची उंची १०६ सेंटिमीटर आणि मुलाची १३१ लिहिली आहे. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग डॅश या राईडना किमान ९७ सेंटिमीटर लागतात, सोअरिन आणि टेस्ट ट्रॅकला १०२, म्हणजे या चार दोघांनाही चालतील. एपकॉटमधल्या कॉस्मिक रिवाइंडला १०७ लागतात, तिथे मुलगी एका सेंटिमीटरने राहते. बुटाच्या टाचेच्या भरवशावर तिला आधी कबूल करू नका. दाराशी पट्टी लावून कर्मचारी पुन्हा मोजतात आणि त्यांचा शब्द शेवटचा असतो. एक्सपेडिशन एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेज यांना ११२, ट्रॉनला १२२. हे आकडे घरी, मुलांसमोर, मोकळेपणाने बोलून घ्या. “ही तुझी, ही दादाची” हे जाण्याआधी ठरलेलं असलं की पाच वर्षांचं मूलही समजून घेतं. तासभर रांगेत उभं राहून दाराशी परत पाठवलं, तर मात्र कोणीच समजून घेत नाही.

जिथे मुलीला जाता येत नाही तिथे रायडर स्विच मागा. एक मोठा माणूस तिच्याबरोबर बाहेर थांबतो, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेला माणूस पुन्हा मोठी रांग न लावता आत जातो. यासाठी पैसे पडत नाहीत. पण रांगेत शिरण्याआधी प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्याला सांगावं लागतं, नंतर सांगून उपयोग होत नाही. अनेकदा गेलेली कुटुंबं हे सवयीने करतात. नवी कुटुंबं मात्र एका पालकाला दिवसभर स्ट्रोलरपाशी उभं करतात, आणि तिसऱ्या दिवशी त्या पालकाचा चेहरा पाहवत नाही.

आई-बाबांचा विचार याच टप्प्यावर व्हायला हवा, “ते बसतील कुठेतरी” असं म्हणून नाही. या पार्कांत दिवसाला दहा किलोमीटर चालणं सहज होतं. घरी रोज फिरायला जाणाऱ्या माणसालाही फरशीवर, गर्दीत, थांबत-थांबत केलेलं तेवढं चालणं जड जातं. ‘व्हीलचेअर कशाला, मी चालू शकतो’ असं बाबा म्हणतील. त्यांना सांगा की ती चालता न येणाऱ्यांसाठी नाही, संध्याकाळची आतषबाजी पाहायला पाय शिल्लक राहावेत म्हणून आहे. ती पार्कमध्येच भाड्याने मिळते. त्यांच्यासाठी मॅजिक किंगडममध्ये पीपलमूव्हर ही छोट्या गाड्यांची राईड आहे, संथ आणि वाऱ्याची. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हा १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात सुरू झालेला प्रयोग आहे, त्यात प्रेक्षक गार हवेत खुर्चीत बसलेले असतात आणि प्रेक्षागृहच फिरतं. एपकॉटमधली लिव्हिंग विथ द लँड ही बोटीची फेरी हरितगृहांमधून जाते, शेती-बागेची आवड असलेल्यांना ती फार भावते. ॲनिमल किंगडममधली सफारी सुंदर आहे, पण गाडी चांगलीच हादरते. पाठीचं दुखणं असेल तर आधी विचार करा.

आता वेळेचं गणित, इथे जरा सविस्तर बोलते. पार्क बारा तास उघडा असेल तर जेवण, पाणी, स्वच्छतागृह, चालणं, कपडे बदलणं यांत चार तास जातात असं धरा. दुपारी विश्रांतीला हॉटेलवर गेलात तर आणखी तीन. उरले पाच. मोठ्या राईडला रांगेसकट तास धरला तर दिवसाला तीन मोठ्या आणि चार-पाच लहान, एवढंच सहा जणांच्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाला झेपतं. तुम्ही स्वतः केलेल्या तक्त्यात एका दिवसात सतरा राईड आहेत. सतरा होतील, पण मग तो दिवस पळण्याचा असेल.

कोणत्या तीन, हे ठरवताना नवखा माणूस राईड किती थरारक आहे ते बघतो आणि जाणकार माणूस ती तासाला किती लोक वाहून नेते ते बघतो. रांगेची लांबी लोकप्रियतेवर जेवढी ठरते तेवढीच या क्षमतेवर. हॉन्टेड मॅन्शनमध्ये गाड्यांची साखळी न थांबता फिरत असते, लोक चालत्या पट्ट्यावरून बसतात-उतरतात, त्यामुळे रांग मोठी दिसली तरी भराभर सरकते. पीटर पॅन्स फ्लाइट ही १९७१ सालची, लहान मुलांची, शांत राईड. पण तिच्या छोट्या जहाजांत दोन-तीनच माणसं बसतात, म्हणून तिची रांग कित्येकदा मोठ्या रोलर कोस्टरशी बरोबरी करते. नवखे म्हणतात, “लहान मुलांची आहे, दुपारी करू,” आणि भर दुपारच्या गर्दीत सापडतात. तेव्हा सकाळच्या पहिल्या तासात किंवा लाइटनिंग लेनवर अशाच कमी क्षमतेच्या आणि तरीही सगळ्यांना हव्या असलेल्या राईड उरकायच्या. बोटींच्या, सतत फिरणाऱ्या आणि मोठ्या प्रेक्षागृहांच्या गोष्टी दुपारसाठी राखायच्या. एवढं एक तत्त्व कळलं की जगातल्या कुठल्याही पार्कचा नकाशा तुम्हाला वाचता येईल.

फलकावरची प्रतीक्षेची वेळ ही अंदाजाची असते आणि बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा जास्तच लिहिलेली असते, दिवसाच्या शेवटी तर हमखास. पार्क बंद व्हायच्या आत रांगेत शिरलेल्यांना सहसा राईड मिळते. तुमचा मुलगा जागा राहिला तर त्याची आवडती राईड शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवा.

बुकिंगच्या बाबतीत तीन तारखा पाळा, बाकीची धावपळ नको. बसून जेवायच्या उपाहारगृहांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सहा जणांना एकत्र टेबल हवं असेल तर हे महत्त्वाचं, मोठ्या टेबलांची चणचण असते. लाइटनिंग लेन मल्टी पास डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी घेता येतो, इतरांना तीन दिवस आधी. त्यात तीन राईड आधी निवडता येतात. एक वापरली की पुढची निवडता येते. तिसरी तारीख म्हणजे प्रत्यक्ष दिवसाची सकाळ. डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पार्काजवळचं हॉटेल घ्यावं की दूरचं मोठं घर भाड्याने घ्यावं या वादात माझं मत या अर्ध्या तासाकडे झुकतं. मावसबहिणीला दूरचं घर परवडतं कारण तिला सकाळची निकड नाही. शिवाय दुपारी मुलीला झोपायला परत नेणं जवळ राहिलात तरच होतं. दूर राहिलात तर ती विश्रांती कागदावरच राहते.

पल्ल्याचा अंदाज नवख्यांना हमखास येत नाही. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला, जिथे १९५५ मध्ये पहिलं डिस्नेलँड उघडलं, दोन्ही पार्कांची दारं समोरासमोर आहेत. फ्लोरिडात चार पार्क शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या जागेत आहेत. मॅजिक किंगडमला गाडीने गेलात तर गाडी लावायची जागा पार्कच्या दारात नसते. तिथे आधी सुरक्षा तपासणी, मग मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळ्यापलीकडे दाराशी जायचं, आणि मग तिकिटाची रांग. “नऊला उघडतं म्हणून साडेआठला निघू” असं केलंत तर तुमचा सगळ्यांत मौल्यवान तास प्रवासात जाईल. म्हणूनच एका दिवसात एकाहून जास्त पार्क फिरायचं पार्क हॉपर तिकीट पहिल्या खेपेला फ्लोरिडात घेऊ नका. अनाहाइमला ते अगदी योग्य आहे.

ओरलँडोतल्याच, पण डिस्नेच्या नसलेल्या युनिव्हर्सलच्या पार्कांचं काय, हे तुम्ही वेगळं विचारलंत. मुलगा हॅरी पॉटरचा भक्त असेल तर एक दिवस द्या, नसेल तर यंदा सोडा. तिथल्या हॅग्रिडच्या मोटारबाइकच्या राईडला १२२ सेंटिमीटर लागतात आणि वेलॉसिकोस्टरला १३०. मुलगा दोन्हीकडे बसतो, मुलगी दोन्हीकडे राहते. जुन्या दोन पार्कांत हॅरी पॉटरचे दोन विभाग आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या हॉगवर्ट्स एक्सप्रेसमध्ये बसायला दोन्ही पार्कांचं एकत्रित तिकीट लागतं. ही गोष्ट तिथे जाऊन कळली तर मुलाचा फार हिरमोड होतो. मे २०२५ मध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स या दोघांपासून काही किलोमीटर दूर आहे, ते त्याच दिवसात बसवू नका. युनिव्हर्सलमधली, मोठ्या राईडच्या रांगेतल्या खोल्यांची सोय मात्र मला आवडते: सगळं कुटुंब एकत्र रांगेतून जातं आणि लहानग्यासोबत थांबणाऱ्याला आतच बसायला खोली असते.

ऑक्टोबरातही फ्लोरिडात ऊन कडक असू शकतं, आणि तिथला वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राईड थांबवतात. तेव्हा दारात ताटकळत उभं न राहता छताखालच्या कार्यक्रमात शिरा. पातळ रेनकोट घरून न्या.

टोकियो किंवा पॅरिसचा विचार पुढे कधी केलात, तर तिथे मावसबहीणही नवखीच ठरेल हे ध्यानात ठेवा. टोकियोचे दोन पार्क डिस्ने स्वतः चालवत नाही, ओरिएंटल लँड कंपनी चालवते. तिकीटविक्री दोन महिने आधी उघडते आणि तिथला पैसे देऊन घ्यायचा प्रीमियर ॲक्सेस (छोट्या रांगेचा पास) सहसा पार्कमध्ये शिरल्यावरच घेता येतो. आठवडाभर आधी राईड निवडायची फ्लोरिडाची सवय तिथे काही कामाची नाही.

तर तुमचे सहा दिवस मी असे लावेन. पोचल्याचा दिवस यात धरलेला नाही, पहिला दिवस म्हणजे त्याच्या नंतरचा. वेळेचा फरक मोठा असेल तर त्या पहिल्या दिवशी पार्क नकोच, फक्त पोहणं आणि झोप. दुसऱ्या दिवशी मॅजिक किंगडम, उघडायच्या आधीपासून, मधे तीन तास विश्रांती, रात्री आतषबाजी. तिसऱ्या दिवशी ॲनिमल किंगडम, तो सहसा लवकर बंद होतो आणि सकाळी प्राणी जास्त हालचालीत असतात, म्हणून दुपारी तीनपर्यंत उरकून परत. चौथ्या दिवशी हॉलिवूड स्टुडिओज. तिथे मुलाच्या मोठ्या राईड आहेत, आई-बाबांना त्या दिवशी हॉटेलवर राहू द्या. आग्रह करून नेऊ नका, त्यांनाही एक दिवस स्वतःचा हवा असतो. पाचव्या दिवशी एपकॉट, दोन राईड सकाळी आणि संध्याकाळी ११ देशांची फेरी, जमेल तेवढीच.

सहावा दिवस मोकळा ठेवा. त्याचं तिकीट आत्ता काढू नका. डिस्नेच्या चालू तिकिटावर, त्याची मुदत संपायच्या आत, एक दिवस वाढवून घेता येतो, आणि युनिव्हर्सलचं ठरलंच तर तेही त्याच दिवशी बसतं. पाचव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना विचारा, पुन्हा कुठे जायचंय. मुलगी बहुधा एखादी अगदी साधी, तुमच्या तक्त्यात नसलेली गोष्ट सांगेल. तिथेच जा, आणि तिला हवं तितक्या वेळा जाऊ द्या.